वेगळा घास

बंदराजवळच्या मॉलमधल्या मुतारीत मी उभा होतो आणि वरून, छतातून, माझी बायको बोलायला लागली. "क्रिक?" ती म्हणाली. आमच्याकडे गोष्टीच्या सुरुवातीला करतात तसं पोरांच्या घोळक्याने "क्रॅक!" केलं. मग ती हसली. ते हसू मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? तिच्या पुढच्या दातांत फट होती. आधी तिच्यातून थोडी हवा सुटायची आणि मग हसण्याचा आवाज यायचा. क्लोटिल्डला जाऊन आठ महिने झाले होते. या वयात मला लघवी सुरू व्हायलाच वेळ लागतो. आवाज कानी पडताच ती थांबली ती थांबलीच. शेजारी जहाजावरून उतरलेला एक गोरा उभा होता, अर्ध्या चड्डीतला, उन्हाने तांबडा झालेला. त्याने मान वर करून छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून हसला आणि म्हणाला, "छान आहे, नाही?" मी पँटची चेन हातात धरून तसाच उभा. भिंतीवरच्या डबीतून दर थोड्या वेळाने फस्स करून लिंबाचा खोटा वास सुटत होता. क्लोटिल्डच्या आवाजामागे कोणीतरी स्टीलपॅन, पिंपाच्या पत्र्याचा बाजा, वाजवला होता, बारीक, गोड, दातात अडकलेल्या टॉफीसारखा. ती सांगत होती की येया नावाची मुलगी आणि तिची बहीण गुलामांच्या जहाजाच्या पोटात होत्या, आणि जहाजाला एक भोक होतं, आणि त्या भोकातून एक हिरवा डोंगर दिसला. मला निघून जाता येईना. बायको बोलत असताना मधेच उठून गेलेलं तिला खपायचं नाही. म्हणून मी गोष्ट संपेपर्यंत तिथेच उभा राहिलो. बहिणीचा पक्षी झाला, पक्षी भोकातून उडाला, येया त्याच्या मागोमाग किनाऱ्याला आली, सगळे नाचले. मग एक बाई बोलली की दुकानं पाच वाजता बंद होतील.  मी बेसिनपाशी जाऊन तोंड धुतलं तर साबणालाही तोच लिंबाचा वास.

बाहेर आलो, बोगद्यातून चालत स्टँडवर गेलो. बसमध्ये माझ्या मांडीला एका बाईची मासळीची पिशवी टेकत होती. तो वास त्यातल्या त्यात बरा वाटला. क्लोटिल्ड गेल्यापासून मला सगळ्याचीच किळस येते. पहिल्या आठवड्यात शेजारणींनी डबे आणले, कलालूची पालेभाजी, ब्रेडफ्रूटचं म्हणजे नीरफणसाचं नारळाच्या दुधातलं ऑइलडाऊन, मकरोनी. माणूस मेलं की लोक जिवंत माणसाला ठासून भरतात, जणू रिकामी जागा पोटातच झाली आहे. त्या डब्यांच्या झाकणाखाली जमलेलं पाणी बघितलं की माझ्या घशाशी यायचं. नंतर उशी. तिच्या उशीला तिच्या डोक्याच्या तेलाचा वास होता, म्हणून मी ती घेऊन झोपायला लागलो, आणि महिन्याभरात तिला माझ्या डोक्याचा वास लागला. म्हाताऱ्याच्या टाळूचा, कुबट. म्हणजे तिचं जे थोडं उरलं होतं तेही मीच खाऊन टाकलं. मी गोदीत आयुष्य काढलेला माणूस, सडलेल्या केळ्यांच्या घडांत उभा राहून भाकरी खाल्लेला. मला असं नाजूक होणं शोभत नाही. पण आता अंगावरून कोणी अत्तर लावून गेलं तरी पोटात ढवळतं. वाईट वासापेक्षा चांगला वासच जास्त सोसत नाही.

क्लोटिल्ड कॅरिआकू बेटावरची. तिच्या घरच्या बायकांकडे एक गोष्ट होती, आणि ती दोन तऱ्हेने सांगायची असे. एक रस्त्यावरची. ती शाळेत, चर्चच्या जत्रेत, पाहुण्यांसमोर, क्रिक-क्रॅक करत, हातवारे करत सांगायची. तीत पक्षी होता. दुसरी अंगणातली. तीत क्रिक नाही, क्रॅक नाही, पक्षी नाही. ती फक्त बाईने बाईला सांगायची, आणि तीही बकऱ्याची आतडी धुताना. घरात कोणाच्या थडग्यावर दगड बसवायचा असला की आदल्या दिवशी बकरं पडतं. मांस पुरुष कापतात, पण आतडी बायकांची. निळी घंगाळं भरून ती अंगणाच्या कोपऱ्यात नेतात, काठीवर उलटी करतात, चमच्याने खरवडतात, लिंबू, मीठ, आंबट नारिंग चोळतात, पाणी ओततात, पुन्हा खरवडतात. तो वास असा असतो की पुरुष, पोरंबाळं, पाद्री, कोणीही तिकडे फिरकत नाही. पूर्वी, गुलामीच्या काळात, मळ्याचा मुकादमही फिरकत नसे. म्हणून ती गोष्ट तिथे ठेवली, असं मला वाटतं. मला कोणी सांगितलेलं नाही. सांगायचं कारणच नाही. मी पुरुष आहे. पण अंगणातल्या पत्र्याच्या पलीकडे माझी मासे धरायच्या पिंजऱ्यांची जागा होती, आणि पिंजरे विणायला बसलं की हात कामात आणि कान मोकळे. चाळीस वर्षांत किती दगड बसले. तिची आई, मावशा, भाऊ, आमचं लहान वयात गेलेलं मूल. दरवेळी ती कोणा तरुण भाचीला, पुतणीला घेऊन बसायची. एकदा रात्री अंथरुणात तिने विचारलं, "ऐकलंस?" मी म्हणालो, "नाही." "बरं," ती म्हणाली. तिच्या बोटांना लिंबू चोळूनही तो वास होता आणि मी तोंड भिंतीकडे केलं होतं. तिने माझ्या पाठीवर तोच हात ठेवला, मुद्दाम, आणि तशीच झोपली. आमच्या लग्नात असल्या गोष्टी बोलून होत नसत.

त्या सगळ्या भाच्या पुतण्या आता कुठे कुठे आहेत. एक टोरांटोला, एक ब्रुकलिनला, दोघी मेल्या. ज्या परदेशी गेल्या त्यांनी तिथे आतडी धुतली असतील असं मला वाटत नाही. पण क्लोटिल्डची रांग म्हणजे तिच्या मुलीची, मग तिच्या मुलीच्या मुलीची. आणि आमची जेनेल त्या घंगाळावरून उठली होती. ती पंधरा वर्षांची असताना क्लोटिल्डने तिला माझ्या सासूबाईंच्या दगडाच्या आदल्या दिवशी हाक मारली. पोर बसली, दोन-तीन वेळा खरवडलं, आणि आतडं उलटं होऊन आतलं हिरवं बाहेर आलं तशी उठून फाटकाकडे पळाली. मी तिथे उभा होतो. ती माझ्या बुटांवर ओकली. मी तिला धरलं, पाणी दिलं, म्हणालो, "जाऊ दे, नको जाऊस." घंगाळावरून उठलेल्या मुलीला पुन्हा बोलवत नाहीत. क्लोटिल्ड चिडली नाही, रडली नाही. एकटीने सगळं धुतलं आणि गोष्ट बहुतेक पाण्यालाच सांगितली. नंतर जेनेलची केरिसा झाली, आणि क्लोटिल्ड थांबून राहिली. केरिसा सोळाची झाली की, म्हणायची. केरिसा सोळाची झाली, सतराची झाली, घरात कोणी मेलं नाही, दगड बसला नाही, बकरं पडलं नाही. मेली ती क्लोटिल्डच, स्वयंपाकघरात कोको उकळताना, आणि कोको उतू जाऊन चुलीवर जळला. तो वास अजून पडद्यात आहे.

घरी आलो तर जेनेल टेबलावर काहीतरी चिकटवत बसली होती. जाड कागदाचे पंखे, त्यांच्यावर क्लोटिल्डचा फोटो, तिच्या दगडाच्या दिवशी पाहुण्यांना वाटायला. फोटोत तिच्या दातांतली फट कोणीतरी बुजवली होती.

"तुझी आई मुतारीत बोलते आहे," मी म्हणालो.

"काय?"

"मॉलमध्ये. मुतारीत. छतातून."

ती हसली आणि मग तिला वाटलं की हसायला नको होतं. "बाबा, ते सगळीकडे लागतं तिथे. मुद्दाम मुतारीत नाही लावत कोणी."

"पण लागतं ना?"

"आईने स्वतः सांगितली होती त्यांना गोष्ट. इथे, याच खुर्चीत बसून. तुम्ही त्यांना नारळपाणी दिलंत."

ते खरं होतं. संस्कृती खात्याचे म्हणून तिघं जण गोष्ट रेकॉर्ड करायला आले होते, नम्र पोरं. क्लोटिल्डने गल्लीतली पोरं समोर बसवून त्यांना रस्त्यावरची गोष्ट दिली, अशी रंगवून दिली की मीही दारात उभा राहून हसलो. जाताना ती म्हणाली, "गेले बिचारे भरल्या पोटाने." तिला वाटलं नसेल की कोणी ते पोट घेऊन परत तिच्याच घरात येईल.

"पक्षी काढून टाकायला सांग त्यांना," मी म्हणालो.

"का? पक्षीच तर सगळ्यांना आवडतो. बाबा, मी तुम्हाला सांगणारच होते. केरिसाला विचारलंय त्यांनी. पर्यटकांचं जहाज लागेल त्या दिवशी धक्क्यावर उभं राहून आईची गोष्ट सांगायची. आणि दगडाच्या दिवशीही ती सांगणार आहे, थडग्यापाशी. पाठ आहे तिला. रेकॉर्डिंगवरून पाठ केली, श्वाससुद्धा आजीसारखे घेते. तुम्ही ऐका तर. तुम्हाला रडू येईल."

मला रडू आलं नाही. केरिसा आतून आली, नखांना जांभळा रंग, ओला, बोटं पसरलेली. तिने मधोमध उभं राहून "क्रिक?" म्हटलं. आवाज तिचा, पण दातांतून आधी थोडी हवा सोडून. तिच्या दातांत फट नाही. ती हवा ती ओठांनी सोडत होती. माझ्या अंगावर काटा आला, झुरळ मानेवर चढल्यासारखा. पक्षी भोकातून उडाला तेव्हा तिने ओली नखं सांभाळत हात पंखांसारखे हलवले. जेनेलच्या डोळ्यांत पाणी. मी म्हणालो, "बरं," आणि परसात गेलो.

त्या रात्रीपासून मी मनात एकच गोष्ट उगाळत राहिलो. दगडाच्या दिवशी वाडवडिलांचं ताट मांडतात, बिनमिठाचं. त्याच्याही आधी ब्रेडफ्रूटच्या पानावर एक घास वेगळा काढतात. तो कोणाचा ते क्लोटिल्डच्या घरच्या बायकांना ठाऊक. बाकीच्यांना वाटतं रीत आहे. आता केरिसा थडग्यापाशी पक्षी उडवणार, आणि जिचा घास तिला कोणी ओळखणारच नाही. पानावर घास ठेवतील, फुलंही ठेवतील, जेनेलला फुलं आवडतात. पण ते कोणासाठी ते जगात फक्त मला ठाऊक, आणि मला ठाऊक असणं हे ठाऊक नसण्यासारखंच. मी मेलो की ती बाई दुसऱ्यांदा मेली. आणि माझा मृत्यू काही लांब नव्हता. लघवीवरून कळतं.

म्हणून मी टांटी फिलोकडे, म्हणजे फिलो आत्याकडे, गेलो. क्लोटिल्डच्या वडिलांची चुलत बहीण, नव्वदीची, खालच्या गल्लीत दाराशी बसून असते, एक पाय सुजून केळीच्या खुंटासारखा झालेला. तिने मला दुरूनच ओळखलं.

"आला रडका. बस. जेवलास का? नको जेवूस, माझ्याकडे काही नाही."

मी तिला सगळं सांगितलं. मुतारी, पक्षी, पंखे. ती पायावरची माशी हाकलत ऐकत होती.

"तर मग?" ती म्हणाली.

"तू सांग पोरीला. अंगणातली."

"माझ्या आईकडची वेगळी. आमची बाई वेगळ्या जहाजातून आली. क्लोटिल्डची मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असती तरी दुसऱ्याच्या चुलीवरचं उचलून पोरीला वाढू का?"

"मला ठाऊक आहे."

तिने माशी हाकलायची सोडली. मग थुंकली, माझ्या पायापासून थोड्या अंतरावर. "पत्र्यामागे बसत होतास ना? मला वाटायचंच. कानात पडली म्हणून तुझी झाली? शेजाऱ्याच्या घरातलं भांडण ऐकू येतं, म्हणून त्याची बायको तुझी होते का?"

"मग मरू दे म्हणतेस?"

"मरू दे की. आमच्या काय कमी मेल्या? एकीच्या तोंडून दुसरीच्या कानात जाताना अर्ध्या सांडल्या. तू एकटाच काय कवटाळून बसलास? पुरुषाने ती तोंडात धरली तर तिचं काय होईल माहीत आहे? भाषण होईल." मग थोडी थांबून म्हणाली, "क्लोटिल्डने पोरीला बसवायला हवं होतं. मरायची वाट कसली बघायची बकऱ्यासाठी? कोंबडीच्या आतड्यावर भागलं असतं. मोठी रीत पाळणारी! जा. माझा पाय दुखतो."

घरी येताना मला क्लोटिल्डचा राग आला. मेलेल्या बायकोचा राग ही फार घाण गोष्ट आहे. ती कुठे जात नाही, तोंडात कडू राहते. मी गल्ली चढताना मोठ्याने म्हणालो, "कोंबडीवर भागलं असतं." एक बाई दचकून बाजूला झाली.

दगडाच्या आदल्या दिवशी जेनेलने आतडी आणली होती. दुकानातून, गोठवलेली, पिशवीत, कागदासारखी पांढरी. तिला वासच नव्हता. मी पिशवी नाकाला लावून पाहिलं. काहीच नाही. प्लॅस्टिक. मला त्या पांढरेपणाची इतकी किळस आली की मी ती शेजारच्या कुत्र्याला टाकली. कुत्र्याने हुंगलं आणि तोही विचारात पडला.

"बाबा!" जेनेल ओरडली. "वेड लागलंय का तुम्हाला? उद्या माणसं येणार आहेत!"

"फिट्झरॉय खाटकाकडे बकरं पडलंय दुपारी. आपलंच. मी सांगितलं होतं. आतडी बादलीत आहेत."

"आणि धुणार कोण? मी नाही. तुम्हाला माहीत आहे, मी नाही."

"मी धुतो."

ती माझ्याकडे असं बघत राहिली की जणू मी लुगडं नेसतो म्हणालो. मग दार आपटून आत गेली आणि आतून सगळ्या खिडक्या लावून घेतल्याचा आवाज आला.

मी बादली कोपऱ्यात नेली, निळं घंगाळ काढलं, पाणी भरलं. चार वाजायला आले असतील, ऊन पत्र्यावर तापत होतं आणि माशा कुठून कुठून आल्या. मी इतकी वर्षं तो वास पत्र्याच्या पलीकडून घेतला होता. अलीकडे बसल्यावर तो वास राहत नाही, तो तुमच्या आत शिरून तुम्हीच होतो. मी हात घातला. ते गरम होतं. मेलेल्या जनावराचं पोट इतका वेळ गरम राहील असं मला वाटलं नव्हतं. माझ्या बोटांतून ते निसटलं, पुन्हा धरलं, काठी कुठून घालायची ते कळेना. डोळ्यांना पाणी आलं. मी नाक खांद्याला पुसलं.

"आजोबा, तुम्ही फाडाल ते." केरिसा मागच्या पायरीवर उभी होती, नाकावर ओढणीसारखा टॉवेल. "असं नाही, असं धरायचं असतं बहुतेक. शी! आई म्हणते तुम्हाला आत घेऊन ये, ऊन लागलंय तुम्हाला."

"ऊन नाही लागलं."

"मग काय लागलंय?"

"आतडी."

ती हसली. टॉवेल सरकला, तिला वास आला, तिने तोंड वेडंवाकडं केलं. मी पुन्हा काठी चुकीच्या टोकाने घातली आणि सगळं माझ्या शर्टावर उडालं. "देवा," ती म्हणाली आणि पायरीवरून खाली आली. कीव आली तिला, बाकी काही नाही. समोरच्या लाकडी ठोकळ्यावर बसली, जांभळी नखं एकदा डोळ्यांसमोर धरून बघितली आणि हात घातला. "फक्त एवढंच. बाकीचं तुम्ही." मी चमचा तिला दिला आणि स्वतः लिंबं चिरायला घेतली. तो माझ्या अधिकारातला भाग होता.

थोडा वेळ ती नुसतीच खरवडत होती, श्वास रोखून, मग तोंडाने श्वास घेत. मग लक्ष दुसरीकडे न्यायला तिने गोष्ट सुरू केली, उद्याची तालीम म्हणून. क्रिक म्हणाली. मी क्रॅक म्हणालो नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही. येया आणि तिची बहीण जहाजाच्या पोटात होत्या. अंधार होता. बहिणीला ताप होता. जहाजाला भोक होतं. बहिणीचा पक्षी झाला आणि तो उडाला.

पुरुषाने सांगायचं नाही. पण पुरुषाने विचारायचं नाही असं कोणी म्हणालं नव्हतं. निदान मला तेव्हा तसं वाटलं. मी लिंबाकडे बघत म्हणालो, "कसा झाला पक्षी?"

"कसा म्हणजे? झाला. गोष्ट आहे ती."

"भोक केवढं होतं?"

"पक्ष्याएवढं. आजोबा, काहीतरी काय विचारता?"

"ताप आलेल्या माणसाचा पक्षी होतो का?"

 आतडं उलटं करताना आतलं हिरवं तिच्या मनगटावर आलं. ती थबकली, डोळे मिटले, पुन्हा उघडले.

"खायला काय मिळायचं त्यांना खाली?" मी विचारलं.

"ते आजीने नाही सांगितलं. काहीतरी मिळत असेल. वाटी-वाटी. माणशी एक."

"म्हणजे दोघींना दोन."

"हो."

"बहीण उडून गेली. मग तिची वाटी?"

"बंद झाली असेल. दोन माणसं असली तर दोन. एक असलं तर..." चमचा थांबला. माशा तिच्या कपाळावर बसल्या, तिने हाकलल्या नाहीत. मी लिंबू हातात धरून बसलो. मला वाटलं, आता मी श्वास घेतला तरी ते सांगणं होईल.

"अंधारात कोणाला दिसणार," ती हळू म्हणाली, माझ्याशी नाही. "वाटी देणाऱ्याला दिसणार दोघी आडव्या पडल्यात." तिने घंगाळात पाहिलं. "ती उडाली नाही."

मी सुरी खाली ठेवली.

"ती तिथेच होती. येयाच्या शेजारी. आणि येयाने कोणाला सांगितलं नाही." तिच्या आवाजातून आजीची ती उसनी हवा गेली होती. "वास आला असेल ना. आजोबा? असाच. याच्याहून. आणि ती वाटी आली की येया... दोन्ही वाट्या..."

ती वाकली आणि घंगाळाच्या बाजूला ओकली. दुपारचं सगळं. मी अर्धा उठलो. मला फाटक दिसत होतं, माझ्या तोंडात "जाऊ दे, नको" हे शब्द तयार होते, एकदा वापरलेले, आणि मला त्या शब्दांची इतकी किळस आली की मी ओठ दातांत धरले आणि खाली बसलो. केरिसा पुन्हा ओकली. मग दंडाने तोंड पुसलं, कारण हात तसे होते. ती उठली नाही.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"मला काय माहीत? मी पुरुष आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच त्या दिवशी, आणि तिला माझं सगळं दिसलं, पत्रा, पिंजरे, सगळं. ती चिडली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी क्लोटिल्डच्या चेहऱ्यावर पाहिलेलं होतं, मासेवाल्याने शिळा मासा ताजा म्हणून दिला की यायचं ते.

"तो पानावरचा घास," ती म्हणाली. "दरवेळी आधी काढतात तो. लहानपणी मी त्याला बोट लावलं तर आजीने माझ्या थोबाडीत मारली होती. एकदाच मारलं तिने मला आयुष्यात. तो तिचा आहे. आपण तिच्या वाटीवर..." पुढचं तिने गिळलं. खरंच गिळलं, गळा हलताना दिसला. "मग उद्या काय सांगू मी तिथे, सगळ्या लोकांसमोर?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही नका सांगू. उठा."

"लिंबं राहिलीत."

"ठेवा तिथे. उठा आजोबा. हे तुमचं नाही."

मी उठलो.  नळाकडे जायला लागलो तर तिने मागून म्हटलं, "पलीकडे नका बसू. पत्र्यामागे नाही. बाहेर जा." मग तोंड घराकडे करून तिने हाक मारली, मोठ्याने, अर्धी गल्ली ऐकेल अशी, "आई! बाहेर ये!"

खिडकी फटीएवढी उघडली. "केरिसा, माझ्याने होणार नाही ते. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. ये."

"अगं, मला एकदा बोलावलं होतं. पुन्हा बोलवत नाहीत."

"मी बोलावते आहे. ये आणि इथे बस. आणि नाकाला हात लावायचा नाही."

 मग मागचं दार उघडलं. जेनेल पायरीवर आली, पंखा हातात, चेहरा पिठासारखा. ती माझ्याजवळून गेली तेव्हा तिने माझा शर्ट पाहिला आणि तिला कढ आला, पण ती थांबली नाही. केरिसाने पाय सरकवून तिला ठोकळ्यावर जागा केली. पंखा जमिनीवर पडला. मी फाटक लावून घेतलं.

गल्लीत उभं राहिलं तर आवाज येतो, शब्द नाही. तेवढाही येऊ नये म्हणून मी उतारावर खाली गेलो, मोठ्या रस्त्यापर्यंत, बसथांब्याच्या भिंतीवर बसलो. तिथे दोन बाया उभ्या होत्या, ऑफिसातून आलेल्या, पावडर लावलेल्या. एकीने नाकाला रुमाल लावला आणि दुसरीला म्हणाली, "काय मेलंय इथे?" दुसरीने डोळ्यांनी माझ्याकडे दाखवलं. दोघी लांब जाऊन उन्हात उभ्या राहिल्या.  पलीकडे सार्वजनिक नळ होता, वाहत होता, कोणी नव्हतं त्याच्यापाशी. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो आणि ते धुतले नाहीत.